‘पोचलीस की कळव’: परदेशी शिकायला आलेल्या नॉर्वेच्या मुलीचं वर्ष कसं जातं

गेल्या वर्षी ऑगस्टात नॉर्वेची सतरा वर्षांची एक मुलगी दहा महिन्यांसाठी आमच्या घरी राहायला आली. आम्ही अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, मिनिॲपोलिसच्या एका उपनगरात राहतो. ही बातमी आमच्या मराठी मंडळात पसरली तेव्हा गणपतीच्या तयारीच्या गडबडीतही दोन प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकू आले. एक, ‘पैसे किती मिळतात गं?’ आणि दुसरा, ‘इतक्या श्रीमंत देशातली पोर इकडे कशाला आली? तिकडे काय कमी आहे?’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांची उत्तरं उभ्या उभ्या देण्यासारखी नाहीत, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे.

पैशांचं आधी सांगते. एक डॉलरही मिळत नाही. शाळकरी वयाची अशी मुलं ‘जे-वन’ व्हिसावर येतात आणि त्या व्हिसाच्या नियमांप्रमाणे यजमान कुटुंबाला मोबदला देता येत नाही. कुटुंबाने जेवण द्यायचं, स्वतंत्र पलंग द्यायचा, अभ्यासाला जागा द्यायची. मुलीचा वरखर्च आणि विमा तिच्या घरचे बघतात. आम्हाला आयकरात महिना ५० डॉलरपर्यंत वजावट दाखवता येते, बस. हा व्हिसा १९६१च्या एका कायद्यातून आला. एका देशातल्या माणसांनी दुसऱ्या देशातल्या माणसांना जवळून ओळखावं, हा त्यामागचा हेतू. पाहुणचाराला भाडं लावलं की तो हेतूच राहत नाही, असं मला तरी पटतं.

‘एक्सचेंज’ या शब्दाने घोळ होतो तो वेगळाच. लोकांना वाटतं, त्यांची मुलगी इकडे आली म्हणजे आमचा मुलगा तिकडे गेला असणार. तसं काही नसतं. आमचा आठवीतला चिरंजीव इथेच होता आणि बहुतेक वेळा तिच्या खोलीच्या दारात उभा राहून तिला प्रश्न विचारत होता. अदलाबदल होते ती देशांच्या पातळीवर, घरांच्या नाही.

आता ती का आली ते. नॉर्वेत मूल सहाव्या वर्षी शाळेत जातं. दहा वर्षांची शाळा सगळ्यांना सक्तीची. त्यातली पहिली सात वर्षं गुणपत्रिकेत गुण नसतात. आठवीपासून १ ते ६ असे गुण मिळायला लागतात आणि ६ म्हणजे सगळ्यात चांगले. दहावीनंतर तीन वर्षं ‘विदेरेगोएन्ने’ नावाची वरची शाळा. या तिनातलं मधलं वर्ष, म्हणजे साधारण सोळा-सतराव्या वर्षी, बरीच मुलं परदेशात करतात. त्यांच्या शाळेने ठरवून दिलेले विषय घेऊन पूर्ण वर्ष शिकलं, तर परत गेल्यावर ते वर्ष मान्य होतं. वर्ष वाया जात नाही, ही यातली सगळ्यात मोठी गोष्ट. आपल्याकडे अकरावीतल्या मुलाला कुणी ‘जा, वर्षभर दुसऱ्या देशात राहून ये’ म्हटलं, तर आईबापांच्या मनात पहिला शब्द येईल तो ‘गॅप’. तिथे तो शब्द मनात येऊ नये अशी व्यवस्था करून ठेवली आहे.

आणि त्या व्यवस्थेत सरकार पैसेही घालतं. ‘लोनेकासेन’ नावाचा सरकारी शिक्षणनिधी १९४७ पासून आहे. परदेशात केलेलं ते मान्य वर्ष असेल तर शाळकरी मुलांनाही त्यातून मदत मिळते, काही अनुदान म्हणून, काही कर्ज म्हणून. पुढे विद्यापीठात शिकताना या निधीतून जे मूळ कर्ज मिळतं त्यावर शिकत असेपर्यंत व्याज नसतं, आणि परीक्षा पास होऊन पदवी घेतली तर त्यातलं ४० टक्क्यांपर्यंत कर्ज अनुदानात बदलतं, फेडावं लागत नाही. मुलीने मला हे सांगितलं तेव्हा माझ्या नवऱ्याने गाडीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि शांतपणे खुर्चीत बसला. त्याने शिक्षणाचं कर्ज नोकरीच्या सातव्या वर्षापर्यंत फेडलं होतं.

सरकार एवढं का करतं? नॉर्वेची लोकसंख्या सगळी मिळून पंचावन्न-छप्पन्न लाखांच्या घरात. त्यांची भाषा बाहेर कुणी बोलत नाही, जवळच्या स्वीडन-डेन्मार्कात समजते तेवढीच. व्यापार समुद्रावरचा, जहाजांचा, मासळीचा, आता तेल आणि वायूचा. अशा देशाला घरात बसून चालत नाही. म्हणून मुलांना बाहेर धाडण्याची सवय जुनी आहे. फ्रान्समध्ये रुआँ नावाच्या शहरातल्या एका सरकारी शाळेत १९१८ पासून नॉर्वेची मुलं राहून पूर्ण तीन वर्षं शिकतात आणि थेट फ्रेंच बोर्डाची परीक्षा देतात. परदेशी शिकणाऱ्या नॉर्वेजियन विद्यार्थ्यांची स्वतःची संघटना १९५६ पासून आहे. डॉक्टर व्हायला पोलंड किंवा हंगेरीला जाणारी मुलंही पुष्कळ. (आपल्या मुलांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकते: नॉर्वेतली सरकारी विद्यापीठं पूर्वी सगळ्यांनाच फुकट होती. २०२३च्या ऑगस्टात सुरू झालेल्या सत्रापासून युरोपबाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना फी भरावी लागते. जुने व्हिडिओ बघून बेत आखू नका.)

आमच्यासारख्या कुटुंबाची तपासणी कशी होते तेही सांगते, कारण मंडळातल्या एका वहिनींना वाटत होतं की फॉर्म भरला की मूल दारात. अशा मुलांना आणणाऱ्या संस्थेचे लोक घरातल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येक माणसाची पार्श्वभूमी तपासतात. घरी येऊन खोल्या बघतात, फोटो काढतात. स्थानिक शाळेने लेखी होकार द्यावा लागतो. वर्षभर एक समन्वयक दर महिन्याला मुलीशी बोलते, आमच्याशीही बोलते. आमची समन्वयक मुलीला आमच्यापासून लांब नेऊन, एकटीला विचारायची. सुरुवातीला मला ते टोचलं. नंतर विचार केला, माझी लेक परक्या घरात असती तर मला हेच हवं असतं.

स्वातंत्र्य घरी ठेवून यावं लागतं

आपल्या मनात परदेशी शिकायला जाणं म्हणजे मोकळीक. घरच्यांची नजर नाही, आपला निर्णय आपण घ्यायचा. नॉर्वेच्या मुलाच्या बाबतीत हे बरोबर उलटं होतं, आणि ही गोष्ट नीट कळली नाही तर त्या मुलांचं काहीच कळणार नाही.

आमची मुलगी त्रोन्दहाइम शहराजवळच्या एका छोट्या गावातली. सात-आठ वर्षांची असल्यापासून एकटी शाळेत चालत जायची. बाराव्या वर्षी बसने शहरात. डबा स्वतःचा स्वतः भरायची. शाळेत शिक्षकांना पहिल्या नावाने हाक, मधल्या सुट्टीत शाळेबाहेर पडून दुकानात गेलं तरी कुणी अडवत नाही. जंगलात फिरायचं तर मागच्या दाराने निघायचं. नॉर्वेत १९५७चा कायदा आहे, त्याप्रमाणे न राखलेल्या मोकळ्या जमिनीवर, मग ती कुणाच्या का मालकीची असेना, कुणीही चालू शकतं, बोरं-बेऱ्या गोळा करू शकतं, घरापासून अंतर ठेवून तंबूही टाकू शकतं.

ही मुलगी अमेरिकन उपनगरात आली. इथे घरापासून शाळा साडेचार मैल, मध्ये महामार्ग, पदपथ अर्ध्यातच संपतो. सार्वजनिक बस नाही. वर्गातली सोळा वर्षांची मुलं गाडी चालवत येतात, पण परदेशी विद्यार्थ्याला गाडी चालवायची बंदी असते. दारू अर्थातच बंद. नॉर्वेत अठराव्या वर्षी बिअर घेता येते, इथे एकविसाव्या, आणि पकडलं गेलं तर सरळ घरी रवानगी. म्हणजे काय, तर मैत्रिणीकडे जायचं असेल, लायब्ररीत जायचं असेल, साधं शाम्पू आणायचं असेल, तरी कुणाला तरी ‘मला सोडाल का?’ असं विचारावं लागतं.

दुसऱ्या आठवड्यात ती शाळेतून आली आणि स्वयंपाकघरात उभी राहून तिने मला दप्तरातून एक पिवळं कार्ड काढून दाखवलं. वर्ग चालू असताना बाथरूमला जायचं तर शिक्षकांकडून हे कार्ड घ्यायचं, परत आल्यावर द्यायचं. चुकून तिच्या दप्तरात आलं होतं. ‘मी सतरा वर्षांची आहे,’ ती म्हणाली. एवढंच. रागाने नाही. तिला खरंच समजत नव्हतं की यात तिचा काय अपराध आहे.

त्याच आठवड्यात ती मागच्या झाडीत फिरायला गेली आणि एका गृहस्थांनी तिला हटकलं, कारण ती त्यांची खासगी जमीन होती. नॉर्वेत जे करताना कुणी मान वर करून पाहिलं नसतं, ते इथे अतिक्रमण होतं. कायदा कुणी तिला सांगितला नव्हता, कारण इथल्या कुणालाच तो सांगण्यासारखा वाटत नाही.

आणि घरात मी होते. आपल्याकडे घराबाहेर पडणाऱ्या माणसाला काय म्हणतात? ‘पोचलीस की कळव.’ मी हे सवयीने म्हणायचे, इंग्रजीत. शेजारच्या चौकात गेली तरी म्हणायचे. तिसऱ्या वेळी तिने मला बसवून विचारलं, ‘मी काही चूक केली आहे का? तुमचा माझ्यावर विश्वास का नाही?’ तिच्या देशात मुलाला एकटं सोडणं हा विश्वास आहे. कुठे पोचलीस हे विचारणं म्हणजे तू पोचशील याची खात्री नाही असं सांगणं. माझ्या घरात, माझ्या आईच्या घरात, न विचारणं म्हणजे काळजी नसणं. दोघीही प्रेमाचीच भाषा बोलत होतो आणि दोघींनाही ती लागत होती. त्या संध्याकाळी आम्ही तासभर बोललो. मी म्हटलं, ‘हा प्रश्न नाही गं, हा आमचा निरोप आहे. यातला अर्थ फक्त ‘सांभाळून जा’ एवढाच.’ मग मी तिला तो मराठीत शिकवला आणि त्याचं उत्तरही शिकवलं: ‘पोचले.’

मला वाटतं, या वर्षात ही मुलं खरी मेहनत करतात ती इथे. जी मुलं सगळं स्वतः करायला शिकलेली असतात, त्यांना दहा महिने मागायला शिकावं लागतं. मागणं सोपं नसतं. पहिल्या महिन्यात तिने सॅनिटरी पॅड संपल्याचं मला दोन दिवस सांगितलं नाही, कारण त्यासाठी मला गाडी काढावी लागली असती.

‘तक’ म्हणजे ताक नव्हे

नॉर्वेत इंग्रजी पहिलीपासून शिकवतात, टीव्हीवर परदेशी कार्यक्रम भाषांतर करून बोलत नाहीत, खाली अक्षरं देतात. त्यामुळे या मुलांचं इंग्रजी इतकं सफाईदार असतं की आपण फसतो. भाषा येते म्हणजे सगळं समजतं असं धरून चालतो. यजमान घरांची सगळ्यात मोठी चूक हीच, आणि मीही ती केली.

उदाहरणार्थ, नॉर्वेजियन भाषेत इंग्रजीतल्या ‘प्लीज’ला सरळ शब्द नाही. जो आहे तो गयावया करताना वापरतात. त्यामुळे तिकडची मुलं जेवताना ‘पाणी मिळेल?’ किंवा ‘मीठ दे’ असं म्हणतात आणि अमेरिकन माणसाला ती उद्धट वाटतात. शाळेच्या कॅन्टीनमधल्या बाईंनी तिला एकदा सुनावलंही. आमच्या घरात मात्र तिचं हे कुणाला खटकलंच नाही. आपणही ‘आई, पोळी वाढ’ म्हणतो. ‘कृपया’ हा शब्द आपण एसटीच्या पाट्यांवर वाचतो, घरात कधी उच्चारत नाही.

‘प्लीज’ नसलं तरी आभाराला तिकडे तोटा नाही. जेवण झालं की ‘तक फॉर मातेन’, म्हणजे जेवणासाठी आभार. तास संपला की ‘आजच्यासाठी आभार’. आधी भेटलेला माणूस पुन्हा भेटला की ‘मागच्या भेटीबद्दल आभार’. जेवणानंतरचं ते वाक्य चुकवणं म्हणजे वाईट वळण. आपल्याकडे पूर्वी ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणून उठायचे, ते माझ्या मुलाने पुस्तकात वाचलंय. ती ते रोज म्हणायची.

सप्टेंबरात माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या. पहिल्या रात्री जेवण झाल्यावर ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, ‘तक.’ सासूबाई लगेच उठल्या, फ्रीज उघडला, वाटीभर दही घुसळलं, जिरं-मीठ घातलं आणि पेला तिच्या हातात दिला. मी सांगायला तोंड उघडलं, पण तोवर तिने तो पिऊन टाकला होता. नॉर्वेतही आंबवलेलं दूध पेल्याने पितात, त्यामुळे तिला ते ओळखीचं लागलं. ती पुन्हा म्हणाली, ‘तक!’ आणि सासूबाईंनी दुसरा पेला भरला. पुढे पाच महिने त्या दोघींचं रात्रीचं ताक ठरलेलं होतं.

नावाचा प्रश्न जरा अवघड होता. नॉर्वेत मोठ्यांनाही पहिल्या नावाने हाक मारतात. सत्तरीच्या बाईला सतराची पोर नावाने हाक मारते हे सासूबाईंच्या पचनी पडेना. मी तिला ‘आजी’ शब्द सांगितला. तिने विचारलं, ‘आईची आई की वडिलांची आई?’ नॉर्वेजियनमध्ये दोघींना वेगळे शब्द आहेत, ‘मूरमूर’ आणि ‘फारमूर’. आपल्या भाषेत काका-मामा वेगळे, पण आजी दोन्हीकडची एकच, हे तिला नवल वाटलं.

आणखी एक, ज्याने मी घाबरले होते. तिला मी विचारलं, ‘अजून भात हवा?’ तिने एकदम श्वास आत ओढला, ठेच लागल्यासारखा. मला वाटलं चटका बसला. असं चार-पाच वेळा झाल्यावर उलगडलं की तिच्या भागात ‘हो’ म्हणताना कधी कधी श्वास आत घेत म्हणतात. तो दचका नव्हता, होकार होता. आपण नाही का जीभ टाळूला लावून ‘च्’ करत नाही म्हणतो. अनोळखी माणसाने ऐकलं तर त्यालाही वाटेल की हिचं काही दुखतंय.

डबा, खवा आणि बटाट्याची पोळी

नॉर्वेत मुख्य जेवण दुपारी चार-पाचच्या सुमारास होतं. त्याच्या आधी अकराच्या आसपास पावाचा डबा, आणि रात्री पुन्हा पाव-चीज. आम्ही साडेआठला जेवणारे. पहिला आठवडाभर ती संध्याकाळी पाचला कासावीस होऊन पाणी पीत बसायची, बोलायची नाही. मग आम्ही पाचला तिला पोहे, उपमा, कधी थालीपीठ द्यायला लागलो आणि साडेआठला ती आमच्याबरोबर थोडंसं जेवायची. यावर मार्ग निघायला आठवडा लागला याचं मला अजून वाईट वाटतं.

तिचा डबा बघण्यासारखा असायचा. त्याला ‘मातपाक्के’ म्हणतात. गहू आणि ‘राय’ नावाच्या धान्याच्या पावाच्या पातळ चकत्या, प्रत्येकीवर एकच गोष्ट, म्हणजे चीज किंवा काकडी. दोन चकत्यांच्या मध्ये ठेवायला खास कापलेला मेणकागद मिळतो, म्हणजे वरचं खालच्याला चिकटत नाही. वरून कागदाची घडी. देशभर लहानमोठे सगळे हाच डबा नेतात, कार्यालयातले साहेबसुद्धा. शाळेच्या कॅन्टीनमध्ये पिझ्झा खाणाऱ्या मुलींमध्ये ती हा कागद उलगडून बसायची आणि तिला त्याची अजिबात लाज वाटायची नाही. हे मी मुलाला मुद्दाम दाखवलं, कारण त्याने सहावीत पोळी-भाजी नेणं बंद केलं होतं.

तिने घरून एक तपकिरी चौकोनी ठोकळा आणला होता, ‘ब्रूनोस्त’. शब्दशः तपकिरी चीज. चीज करून झाल्यावर उरलेलं पाणी, म्हणजे निवळी, त्यात दूध आणि साय घालून तासन्‌तास आटवतात. दुधातली साखर करपायच्या बेतात येते, रंग तपकिरी होतो आणि चव गोड-खारट. १८६३ साली गुदब्रान्सदाल खोऱ्यातल्या आन्ने होव्ह नावाच्या शेतकरी बाईने त्यात साय घालायला सुरुवात केली, तेव्हापासून आजचं रूप. हे चीज नेहमीच्या सुरीने कापत नाहीत, त्याला मधोमध चीर असलेलं उलथण्यासारखं एक हत्यार असतं. तेही १९२५चं, एका नॉर्वेजियन सुताराच्या डोक्यातून आलेलं. सासूबाईंनी एक चकती तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, ‘अगं, हा तर कंदी पेढा आहे. साखर कमी पडलीय एवढंच.’ साताऱ्याच्या माणसाने हे म्हटल्यावर पुढे काय बोलायचं!

मिनेसोटात तिचं येणं योगायोगाचं असलं, तरी नॉर्वेच्या माणसांचं येणं इथे जुनं आहे. १८२५ साली स्ताव्हांगेर बंदरातून एक छोटं गलबत निघालं. निघाले ५२ जण, न्यूयॉर्कला पोचले ५३, कारण वाटेत एक बाळ जन्मलं. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून जास्त नॉर्वेजियन लोक अमेरिकेत आले आणि त्यातले खूप जण मिनेसोटा आणि शेजारच्या राज्यांत शेतीवर बसले. मिनिॲपोलिसमध्ये आजही एका चर्चमध्ये नॉर्वेजियन भाषेत प्रार्थना होते.

आमच्या शेजारीण ऐंशीच्या आहेत, त्यांचे आजोबा-आजी नॉर्वेहून आलेले. डिसेंबरात त्यांनी तिला ‘लेफ्से’ करायला बोलावलं, मी आणि सासूबाई बरोबर गेलो. उकडून कुस्करलेला बटाटा, लोणी, साय आणि मैदा यांचा गोळा, खाचा असलेल्या लाटण्याने पातळ लाटायचा, लांब चपट्या काठीवर उचलायचा आणि मोठ्या गोल तव्यावर कोरडाच भाजायचा. शेजारीणबाईंना वाटलं होतं, नॉर्वेची मुलगी आहे म्हणजे हिला येत असेल. तिची पहिली लेफ्से काठीवरच फाटली. तिच्या घरी लेफ्से दुकानातून आणतात, तिने लाटणं कधी हातात धरलेलं नव्हतं. सासूबाईंनी पदर खोचला, पिठी मागून घेतली आणि पहिलीच लेफ्से अखंड तव्यावर टाकली. शेजारीणबाईंनी टाळ्या वाजवल्या.

परत येताना मुलगी गप्प होती. मग म्हणाली, ‘त्या ज्या नॉर्वेबद्दल बोलतात तो माझ्या पणजीचा नॉर्वे आहे. मी कधी पाहिलेलाच नाही.’ मला हे फार ओळखीचं वाटलं. आमच्या मंडळात जी मंडळी नव्वदच्या दशकात आली, त्यांचं पुणं अजून सायकलींचं आहे. माणूस ज्या वर्षी निघतो, त्या वर्षीचा देश त्याच्याजवळ राहतो. तिला तिच्याच देशाची जुनी प्रत इथे भेटली, आणि ती प्रेमाने जपलेली होती.

चोवीस डिसेंबर, सकाळी दहा

घरची आठवण पहिल्या महिन्यात येते असा समज आहे. तेव्हा सगळं नवीन असतं, वेळच नसतो. खरा कठीण काळ ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंतचा. थंडीचा तिला त्रास नव्हता. ‘वाईट हवा नसते, वाईट कपडे असतात’ ही त्यांच्याकडची म्हणच आहे. ती आतून लोकरी कपडे घालून शाळेच्या स्की-संघाबरोबर सरावाला जायची. (नॉर्वेत खेळ गावच्या क्लबमध्ये असतात, शाळेत नाही. इथे शाळेचा संघ मिळाला आणि त्या संघाने तिला मैत्रिणी दिल्या. यजमानांनी पहिल्याच आठवड्यात मुलाला एखाद्या संघात किंवा बँडमध्ये घालावं, हे मी कळकळीने सांगते.)

पण नाताळ तिकडे चोवीसच्या संध्याकाळी असतो. पाच वाजता देशभरच्या चर्चच्या घंटा वाजतात आणि सण लागतो. इथले लोक पंचवीसच्या सकाळी भेटवस्तू उघडतात, चोवीसला दुकानं चालू, माणसं धावपळीत. तिकडचे संध्याकाळचे पाच म्हणजे आमचे सकाळचे दहा. मी ओल्या खोबऱ्याची चटणी वाटत होते. ती फोन घेऊन आली, मिक्सरकडे बोट दाखवून म्हणाली, ‘एक मिनिट थांबवाल?’ मी बंद केला. तिने फोन ओट्यावर डब्याला टेकून ठेवला. पलीकडे तिचे वडील अंगणात उभे होते, अंधार होता, बर्फ होतं आणि लांबून घंटा ऐकू येत होत्या. कुणीच काही बोललं नाही. घंटा बराच वेळ वाजल्या. फोन बंद झाल्यावर ती तिथेच ओट्याला टेकून रडली.

सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्यांनी खोबरेल तेलाची बाटली आणली, तिला समोर खाली बसवलं आणि तिच्या केसांना तेल लावत बसल्या. तास झाला असेल. चटणी अर्धवट वाटलेलीच राहिली.

मुलांनी घरी फार फोन करू नये, म्हणजे ती लवकर रुळतात, असा सल्ला संस्था देतात. रोज दोन तास व्हिडिओवर बसणाऱ्या मुलाला इथे मित्र मिळत नाहीत, तेवढ्यापुरतं ते खरं. पण सणाच्या दिवशी घंटा ऐकू न देणं कुठल्याच नियमात बसत नाही.

जूनमध्ये ती परत गेली. विमानतळावर सासूबाईंचा साताऱ्याहून फोन आला, त्यांनी तिला मराठीत खूप काही सांगितलं आणि ती सगळ्याला श्वास आत ओढून ‘या’, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘हो’, म्हणत होती.

परत जाणंही सोपं नसतं, हे आईवडिलांना कुणी सांगत नाही. तिकडे वरच्या शाळेच्या शेवटच्या वर्षी मुलं लाल कपडे घालून १७ मेपर्यंत, म्हणजे त्यांच्या संविधानदिनापर्यंत, जल्लोष करतात. त्या गटांची जुळवाजुळव दोन-दोन वर्षं आधीपासून चालते. बाहेर गेलेलं मूल परत येतं तेव्हा गट झालेले असतात. तिच्या जवळच्या मैत्रिणीने दुसरा गट धरला होता. आता तिला सगळीकडे एकटीने जायची मोकळीक परत मिळाली होती आणि पहिले काही आठवडे जायला कुणी बरोबर नव्हतं. हे तिने मला फोनवर सांगितलं, अगदी सरळ, काही न लपवता. एक वर्षापूर्वी तिने सांगितलं नसतं.

ऑगस्टात तिची शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी आमच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. सकाळी उठून फोन पाहिला तर बसथांब्याचा एक फोटो होता, धुकं, एक रिकामा बाक, आणि खाली देवनागरीत एकच शब्द: ‘पोचले.’